समोरची मुलगी

बॉक्सिंग शिकायला लागल्यावर पहिल्यांदा मी एका मुलीच्या नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारला तेव्हा माझ्या तोंडून लगेच 'सॉरी' निघालं. तोंडात माउथगार्ड होतं त्यामुळे ते धड सॉरीसारखं ऐकूही आलं नाही, पण सरांना बरोब्बर कळलं. त्यांनी टायमर थांबवला, दोरीजवळ आले आणि म्हणाले, "माफी कसली मागतेस? तिचा गार्ड खाली होता म्हणून लागलं. आज तू हळू मारशील आणि उद्या मॅचमध्ये दुसरी कुणी जोरात मारेल, तेव्हा हिला कळणारच नाही काय झालं ते. नीट मार."

तिचे डोळे पाण्याने भरले होते. नाकावर बसलं की भरतातच, त्याचा रडण्याशी काही संबंध नसतो, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं मी हिला रडवलं. तिने ग्लव्हने डोळे पुसले आणि मान हलवली, म्हणजे ये.

ही २०१० सालची गोष्ट, मी तेव्हा १९ वर्षांची होते. त्यानंतर आठ वर्षं मी ॲमॅच्युअर, म्हणजे हौशी बॉक्सिंग केलं आणि आता काही वर्षं नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवायला मदत करते, आणि मी बघते की जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यात सॉरी म्हणते. काही जणी तर पंच लागायच्या आधीच हात मागे घेतात. मुलंही सुरुवातीला बिचकतात, पण ती हसून मोकळी होतात नाहीतर चिडतात. मुलींना मात्र आधी समोरच्या मुलीची परवानगी हवी असते. लहानपणापासून सांभाळून वाग, कुणाला दुखवू नकोस, मागे सर असं इतकं अंगात मुरलेलं असतं की ते पहिले दोन-तीन महिने पायांतूनसुद्धा दिसतं, मुलगी पंच मारते आणि लगेच एक पाऊल मागे जाते, जणू काही चूक झाली. ते पाऊल काढायलाच खूप वेळ जातो. जॅब शिकवायला तेवढा वेळ लागत नाही.

आमच्या जिममध्ये तेव्हा आम्ही दोघीच मुली होतो. मी ५४ किलोची आणि ती ५८ च्या आसपास. ती डावखुरी, म्हणजे साउथपॉ, उजवा पाय पुढे, त्यामुळे तिच्याशी खेळताना सगळंच उलटं वाटायचं, दोघींचे पुढचे पाय एकमेकींच्या आड यायचे आणि तिचा मागचा डावा हात कुठून यायचा ते मला पहिलं वर्षभर दिसलंच नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. पण हा लेख तिच्याबद्दल आहे, आणि तिच्यासारख्या ज्या कुणाच्या तरी समोर उभ्या राहिल्या त्या सगळ्या मुलींबद्दल.

कारण इतक्या वर्षांनी मला बॉक्सिंगबद्दल एकच गोष्ट अगदी खात्रीने सांगता येते. वर जायचं असेल तर समोर कुणीतरी लागतं. बॅगवर ताकद येते, शॅडोमध्ये, म्हणजे हवेत एकटीने खेळताना, पाय सुधारतात, सरांच्या हातातल्या पॅडवर कॉम्बिनेशन, म्हणजे एकामागून एक पंच, बसतात, हे सगळं खरं, पण बॅग उलटून मारत नाही. अंतर किती ठेवायचं, समोरचीचा खांदा हलला म्हणजे हात येणार का फसवणार, मार बसल्यावर दुसऱ्या सेकंदाला डोकं चालतं का, हे फक्त माणसासमोर उभं राहून कळतं. आणि ते माणूस साधारण तुझ्याच वजनाचं, तुझ्याच उंचीचं, तुझ्याइतकंच जिंकायला आलेलं असावं लागतं. मुलांना ते मिळतं, जिममध्ये दहा मुलं असतात त्यात तीन तरी एकमेकांच्या वजनाची निघतात. मुलींना तेच मिळत नाही.

मुलांबरोबर खेळा की, असं लोक सहज म्हणतात. खेळलो ना आम्ही, वर्षानुवर्षं खेळलो. त्यात दोन प्रकार व्हायचे. एक तर तो मुलगा मारायचाच नाही, नुसता गार्ड करून फिरायचा, तीन राउंड संपले की मला वाटायचं वा काय खेळले मी, आणि प्रत्यक्षात मी काहीच शिकलेले नसायचे. नाहीतर माझा एखादा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, त्याला स्वच्छ बसायचा, बाहेरून कुणीतरी 'ओऽऽ' करायचं आणि मग तो पुढचा मिनिटभर पूर्ण ताकदीने मारायचा. त्यात फक्त टिकून राहणं होतं, खेळ नव्हता. काही मुलं खरंच समजूतदार होती, वेग मुलांचा ठेवायची आणि ताकद निम्मी करायची, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ती सिनियर होऊन निघून जायची आणि परत आम्ही दोघीच.

नंतर मी या खेळाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की हे आमच्या एका जिमचं दुखणं नाही, मुलींच्या बॉक्सिंगची अख्खी गोष्टच समोरची मुलगी शोधण्याची आहे. आयर्लंडची केटी टेलर लहानपणी हेडगार्डखाली केस लपवून 'के. टेलर' या नावाने मुलांच्या मॅच खेळायची, कारण मुलींच्या मॅचच नव्हत्या. शेवटी हेडगार्ड काढला की लोकांना कळायचं की ही मुलगी होती. २००१ मध्ये डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधली मुलींची पहिली अधिकृत मॅच झाली, केटी तेव्हा १५ वर्षांची होती. पुढे तिने पाच वेळा जग जिंकलं, लंडन ऑलिम्पिकला सोनं घेतलं, तिचं नाव सगळ्यांना माहिती आहे. त्या दिवशी तिच्यासमोर कोण होतं? बेलफास्टची अलाना ऑडली. ती आली नसती तर ती मॅच झाली नसती.

अमेरिकेतसुद्धा तसंच. तिथल्या ॲमॅच्युअर बॉक्सिंग संघटनेने मुलींना बंदी केली होती, डॅलस मॅलॉय नावाची १६ वर्षांची मुलगी त्याविरुद्ध कोर्टात गेली, कोर्टाने तिच्या बाजूने आदेश दिला आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तिची मॅच झाली. ती जिंकली. तिच्यासमोर हेदर पॉयनर होती. मला ही दोन नावं एकत्रच लक्षात ठेवायची सवय लागलीये. कोर्टात जाऊन हक्क मिळवता येतो, पण त्या हक्काचा राउंड व्हायला दुसऱ्या कॉर्नरमध्ये कुणीतरी येऊन बसावं लागतं, आणि हरायची शक्यता असताना ती येऊन बसते.

महिलांची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप २००१ ला अमेरिकेत स्क्रँटनला झाली. मेरी कोम तिथे ४८ किलोमध्ये फायनलला हरली, तुर्कीच्या हुल्या शाहिनकडून. त्यानंतर मेरीने सहा वेळा वर्ल्ड टायटल घेतलं, शेवटचं २०१८ मध्ये, तीन मुलांची आई असताना. पण मला तिची ती पहिली हरलेली फायनल जास्त जवळची वाटते. जगात मुली आहेत आणि त्या आपल्याला हरवू शकतात, हे कळायला कुठेतरी जावं लागतं, आणि २००१ च्या आधी असं जायला जागाच नव्हती.

सर हाताला बँडेज बांधायला शिकवायचे त्याला अर्धा तास घ्यायचे, आणि मला त्याचा तेव्हा कंटाळा यायचा. अंगठ्यात लूप, मनगटाला तीन वेढे, मग पेरांवरून म्हणजे बोटांच्या मागच्या गाठींवरून तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एक-एक करत परत मनगटावर. मूठ वळली की घट्ट झालं पाहिजे आणि उघडली की सैल. आम्ही दोघी एकमेकींना बांधून द्यायचो. तिचे हात माझ्यापेक्षा मोठे, बोटं लांब, उजव्या करंगळीच्या खालची गाठ कधीतरी मोडून वाकडी जुळलेली, तिथे मी एक वेढा जास्त द्यायचे. ती काही बोलायची नाही, फक्त बांधून झालं की मूठ दोनदा आपटून बघायची माझ्या तळहातावर. आणि मग दहा मिनिटांनी त्याच मुठीने ती माझ्या बरगडीवर मारायची. हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं, मला माहितीये. माझ्या आईलाही वाटायचं. ती एकदा जिममध्ये आली, आमचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, बघितलं, घरी येताना गप्पच होती आणि मग म्हणाली, "एवढं मारता आणि मग पाठ काय थोपटता गं एकमेकींची?" मला उत्तर देता आलं नाही. आज देता आलं असतं. आई, ती मला मारत होती म्हणून मी हात वर ठेवायला शिकले, दुसऱ्या कुणीही ते शिकवलं नसतं.

लोक मुलींच्या बॉक्सिंगबद्दल चांगलं बोलायचं म्हणून जे बोलतात त्याचाही मला त्रास होतो. चांगलं आहे हो, स्वसंरक्षणाला उपयोगी पडेल. मुलगा बॉक्सिंग करतो म्हटलं की विचारतात कुठली स्पर्धा, कुठलं मेडल, आणि मुलगी म्हटलं की लगेच रस्ता, अंधार, गुंड. म्हणजे तिने एवढी मेहनत घ्यायची ती कुणी तिच्यावर हात टाकला तर म्हणून. मला कुणापासून वाचायचं नव्हतं. मला जिंकायचं होतं. मला ५४ किलोमध्ये पहिलं यायचं होतं आणि ही इच्छा तेवढीच्या तेवढी, कुठल्याही सामाजिक कारणाशिवाय, पुरेशी असायला हवी होती.

५४ किलो. या आकड्यावर मी खूप रडलेय.

ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं २०१२ ला, लंडनमध्ये. पुरुषांची दहा वजनं आणि २५० खेळाडू, महिलांची तीन वजनं आणि ३६ खेळाडू. ५१, ६० आणि ७५. बस्स. वर्ल्ड चॅम्पियनशिपला दहा वजनगट होते आणि ऑलिम्पिकला तीन, म्हणजे ज्या मुली ४८ च्या होत्या त्यांना वर चढायचं, ५४ आणि ५७ च्या होत्या त्यांनी ठरवायचं की खाली जायचं का वर, ६४ आणि ६९ वाल्यांचंही तेच. मेरी कोम ४५ ते ४८ किलोमधली पाच वेळची वर्ल्ड चॅम्पियन, ती ५१ ला खेळली आणि स्वतःपेक्षा उंच, जड मुलींशी भिडून ब्राँझ घेऊन आली. सेमीफायनलला तिला ब्रिटनच्या निकोला ॲडम्सने हरवलं, आणि मग निकोलाने फायनलला चीनच्या रेन कॅनकॅनला हरवून महिला बॉक्सिंगचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक सोनं घेतलं. तो दिवस आम्ही जिममध्ये सगळ्यांनी मिळून बघितला. अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स ७५ किलोची चॅम्पियन झाली, वय १७, आमच्यापेक्षा लहान. आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो, आणि ती टीव्हीकडे बघत बघतच म्हणाली, "मी ६० ला जाते. तू ५१ ला जा."

इतकं सोपं वाटलं ते तेव्हा. दोघींना एक-एक दार मिळालं असं वाटलं.

ती ६० ला गेली, तिला दोनच किलो चढवायचे होते. मला उतरायचं होतं, आणि माझं रोजचं वजन असायचं ५५. चार किलो ऐकायला काहीच नाही. पण ज्या शरीरावर आधीच काही जास्तीचं नाही त्याच्यातून चार किलो काढायचे म्हणजे शेवटचे दोन पाणीच असतं. आणि ॲमॅच्युअरमध्ये एकदा वजन देऊन भागत नाही, ज्या ज्या दिवशी मॅच त्या त्या दिवशी सकाळी परत काट्यावर उभं राहायचं, म्हणजे स्पर्धा पाच दिवस चालली तर पाच दिवस तुम्ही त्या काट्याच्या धाकाखाली. प्लास्टिकचा सूट घालून दोरीच्या उड्या, मग थुंकत बसायचं, च्युइंगम चावत चावत, डब्यात. जीभ टाळूला चिकटते. रात्री झोप लागत नाही, पाण्याच्या नळाचा आवाज ऐकू येतो. आणि सकाळी काट्यावर ५०.९ दिसलं की जो आनंद व्हायचा तो मॅच जिंकल्याच्या आनंदापेक्षा मोठा असायचा, आणि तेच चुकीचं होतं, माझं सगळं लढणं काट्यावरच संपायचं आणि दुपारी रिंगमध्ये पाय यायचे ते दुसऱ्याचेच.

त्यात पाळी. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, किलोभर वजन सहज वाढतं, आणि स्पर्धेची तारीख काही तुमची तारीख बघून ठरत नाही. सर चांगले होते पण त्यांना हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, मला सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. मी म्हणायचे पोट दुखतंय. मग ५१ ला खेळायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात माझी पाळी बंदच झाली आणि मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आजही माझ्याकडे येणाऱ्या मुली हेच म्हणतात, ताई बरंय की, कटकट गेली. कटकट जात नाही बाळांनो, शरीर सांगत असतं की खर्चाच्या मानाने आत काहीच येत नाहीये, आणि मग ते एक-एक खातं बंद करतं, हाडंसुद्धा त्यात येतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्या प्रकाराला एक नाव देऊन त्यावर सविस्तर लिहिलं. त्याच वर्षी माझ्या डाव्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेली होती, नुसतं पळून. मला कुणीच दोन्ही गोष्टी एकत्र जोडून सांगितल्या नाहीत. ५१ ला मी एकूण सहा मॅच खेळले आणि पाच हरले.

मग मी ५४ ला परत आले. ऑलिम्पिकचा विचार सोडला असं म्हणायला जड जातं पण तेच केलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकलाही तीनच वजनं होती.

ती मात्र ६० ला जाऊन खरंच उघडली. सलग दोन वर्षं राज्यात पहिली आली, मग तिला राष्ट्रीय शिबिरात बोलावलं. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, आवाज असा होता की मला वाटलं काहीतरी झालं. "अगं इथे माझ्या वजनाच्या पाच मुली आहेत," ती म्हणाली. "पाच. रोज वेगळी. एक उंच आहे, एक बुटकी, आत घुसते, एक माझ्यासारखीच डावखुरी, मला कळेना तिला मारू कसं." ती हसत होती आणि मी पलीकडे जिमच्या पायरीवर बसून ऐकत होते, हाताला बँडेज बांधून, आणि आत माझ्यासाठी कुणीच नव्हतं.

सहा महिन्यांनी ती सुट्टीवर आली तेव्हा आम्ही तीन राउंड खेळलो. मी तिला चार वर्षं ओळखत होते, तिचा प्रत्येक हात मला पाठ होता, आणि मला ती सापडलीच नाही. मी जिथे मारायचे तिथून ती अर्धं पाऊल आधी निघालेली असायची. ती काही माझ्यापेक्षा जास्त मेहनत करत नव्हती, मेहनत मीही तेवढीच करत होते. तिला रोज पाच मुली मारत होत्या आणि मला बॅग. मला त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, घरी जाऊन मी खूप वेळ काही बोलले नाही. पण त्याच दिवशी मला हे कळलं की वरच्या पातळीला जे घडतं ते तिथे आलेल्या मुलींच्या गर्दीमुळे घडतं. टॅलंट, जिद्द, हे शब्द आपण खूप वापरतो. केली हॅरिंग्टन डब्लिनच्या एका मानसिक रुग्णालयात साफसफाईचं काम करत करत टोकियोला आणि मग पॅरिसला, दोन्हीकडे सोनं घेऊन आली, सिंडी न्गांबा निर्वासितांच्या संघातून खेळून पॅरिसला ब्राँझ घेऊन गेली, त्या संघाचं ऑलिम्पिकच्या इतिहासातलं पहिलं मेडल. ही जिद्दच आहे, मी त्यांच्या प्रत्येक मॅचला डोळ्यांत पाणी आणून बघितलंय. तरी माझ्या मनात प्रत्येक वेळी येतं, यांना रोज स्पारिंग कोण देत असेल? त्या मुलींची नावं काय असतील?

बाईच्या शरीराबद्दल या खेळाच्या नियमांनी काय काय ठरवलं तेही थोडं सांगते. २०११ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेने महिलांनी स्कर्ट घालून खेळावं असं पुढे आणलं होतं, खूप विरोध झाला आणि मग ते ऐच्छिक केलं. राउंडचंही वेगळं होतं, लंडनला महिला दोन मिनिटांचे चार राउंड खेळल्या, २०१७ पासून पुरुषांसारखे तीन मिनिटांचे तीन झाले. मी दोन्ही खेळलेय. दोन मिनिटांत घाई असते, तीन मिनिटांत विचार करायला जागा मिळते, पहिल्या मिनिटात चुकलं तर तिसऱ्यात भरून काढता येतं, माझ्यासारख्या हळू सुरू होणाऱ्या मुलीला ते फार मानवलं. हेडगार्ड पुरुषांचे २०१३ मध्ये काढले, आमचे राहिले. आणि प्रत्येक स्पर्धेआधी आपण गरोदर नाही असं लिहून द्यायचं, त्या कागदावर मी कितीदा सही केलीये. पोटातल्या बाळासाठी तो कागद बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाळ झाल्यावर परत यायच्या वाटेबद्दल बरीच वर्षं कुठे काही लिहिलेलं नव्हतं. कॅनडाची मँडी बुजोल्ड, अकरा वेळची राष्ट्रीय विजेती. टोकियोच्या आधी कोरोनामुळे पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि जुन्या स्पर्धांच्या रँकिंगवरून जागा द्यायचं ठरलं, आणि ज्या स्पर्धा मोजल्या त्या काळात ती गरोदर आणि बाळंतीण होती. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि जून २०२१ मध्ये जिंकली. टोकियोला ती पहिलीच मॅच हरली. काही जणांनी म्हटलं एवढं करून काय मिळालं. अरे, रिंगमध्ये हरायचा हक्क मिळाला! तो तिला टेबलावर हरवून काढून घेतला जात होता.

माझी शेवटची मॅच २०१८ ची, नॅशनलची क्वार्टर फायनल, ५४ किलो. समोरची मुलगी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, लांब हात, जॅब असा की मीटर लावून मारल्यासारखा. पहिला राउंड तिचा स्पष्ट. दुसऱ्यात मी आत घुसायला लागले, बॉडीवर दोन हुक बसले आणि तिचं कोपर खाली यायला लागलं, ते खाली आलेलं कोपर मला अजून दिसतं. तिसरा राउंड मी आयुष्यात जे काही शिकले ते सगळं होतं. शेवटच्या दहा सेकंदांची टकटक ऐकू आली तेव्हा आम्ही दोघी मधोमध उभ्या राहून मारत होतो, कुणीच मागे जात नव्हतं, आणि मला आठवतंय माझ्या मनात आलं की माझा मागचा पाय मागे गेला नाही. आठ वर्षांपूर्वी जो प्रत्येक पंचनंतर मागे जायचा तो पाय.

रेफ्रीने दोघींचे मनगट धरले. ३-२. हात तिचा वर गेला.

पाच जज, त्यातल्या दोघांना मी जिंकले असं वाटलं. एकाचं मत फिरलं असतं तर, हा विचार मी नंतर वर्षभर केला असेल. आता करत नाही. ती मुलगी पुढे त्या स्पर्धेत रौप्यपदक घेऊन गेली, आणि माझ्याशी खेळून झाल्यावर तिने माझ्या कॉर्नरमध्ये येऊन सरांना नमस्कार केला, मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "दीदी, बॉडीवर खूप लागलं." यापेक्षा चांगलं मला कुणी काही म्हटलेलं नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची सहा वजनं झाली. पुरुषांचे १२४, महिलांच्या १२४, बरोबरीच्या जागा. आणि त्या सहांत पहिल्यांदा ५४ होतं. मी ३३ वर्षांची होते. फायनलच्या रात्री मी माझ्या त्या डावखुऱ्या मैत्रिणीला फोन लावला, ती आता खेळत नाही, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण तिने उचलला आणि आम्ही दोघींनी आपापल्या घरी बसून फोन चालू ठेवून मॅच बघितली. चीनची चांग युआन आणि तुर्कीची हातिजे अकबाश. चांग युआन जिंकली, चीनच्या महिला बॉक्सिंगचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं सोनं. आम्ही दोघी काही बोलत नव्हतो, मध्येच ती "कोपर बघ, कोपर" म्हणायची आणि मी "हो" म्हणायचे. हात वर गेल्यावर कॅमेरा चांग युआनवर राहिला आणि अकबाश कोपऱ्यात ग्लव्ह काढून घेत होती, तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. तेव्हा ती फोनवर म्हणाली, "तुझं वजन आलं गं शेवटी."

आलं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची सात वजनं असतील आणि पुरुषांचीही सातच.

आता आमच्या जिममध्ये अकरा मुली आहेत. ऐकायला भरपूर वाटतात, पण वजनं मांडली की ४२ पासून ७० पर्यंत पसरलेल्या, त्यात एकमेकींसमोर नीट उभ्या राहतील अशा जोड्या तीनच. एक १६ वर्षांची आहे, ५४ ची, हात वेगाने जातात, डोळे उघडे ठेवते, आणि ती खूप वर जाऊ शकते असं मला मनापासून वाटतं. तिच्या वजनाचं कुणी नाही. महिन्यातून दोनदा तिला दुसऱ्या जिममध्ये घेऊन जातो, तिथल्या मुली आमच्याकडे येतात, मी सगळ्या ट्रेनर लोकांना फोन करून करून हे जमवते, मुली लपवून ठेवू नका, हरतील म्हणून घाबरू नका, पाठवा. काही पाठवतात. काही म्हणतात स्पर्धेच्या आधी कशाला दाखवायचं. मला याचा खरंच राग येतो, कारण आठवड्याला दोन चांगली स्पारिंग कमी झाली तर वर्षाला शंभर होतात, आणि ती शंभर परत कुठून आणायची?

म्हणून बाकीचे दिवस मीच तिच्यासमोर उभी राहते. माझं वजन आता ५९ आहे, पाय पूर्वीसारखे नाहीत, पण अंतर अजून कळतं. मी तिला उंच मुलीसारखी खेळून दाखवते, मग आत घुसणारीसारखी, मग पवित्रा उलटा करून डावखुरीसारखी, ते मला सगळ्यात चांगलं येतं, कुणाकडून शिकले ते मी तिला सांगितलंय. काल दुसऱ्या राउंडमध्ये मी उजवा हात जरा आळसाने परत आणला आणि तिचा डावा हुक त्या रिकाम्या जागेतून सरळ आला. कानात घंटा वाजल्यासारखं झालं, डोळ्यांना पाणी आलं. तिचे पाय मी बघितले, ती मागे गेली नव्हती, जागेवरच होती, दुसरा हात तयार ठेवून.

टायमर वाजल्यावर तिने माउथगार्ड काढलं आणि विचारलं, "ताई, लागलं का?"

"हो," मी म्हटलं.

पुढच्या राउंडला वीस सेकंद होते. तिने माउथगार्ड परत घातलं.